द क्लॅश अजून शिळा का होत नाही?

कोकणकडा
पंक म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यापुढे सेफ्टी पिना, उभे रंगवलेले केस आणि तीन कॉर्डवरचा आरडाओरडा एवढंच येतं. १९७६-७७ च्या लंडनमध्ये तसे बँड ढीगभर होते आणि त्यातले बहुतेक आज ऐकायचे तर त्या काळाचा नमुना म्हणून ऐकावे लागतात, दोन गाणी झाली की पुरे होतं. द क्लॅशचं तसं होत नाही. मी कॉलेजपासून ऐकतोय, मधे जॅझ झालं, आपलं शास्त्रीय झालं, संसार झाला, तरी 'लंडन कॉलिंग'ची ती सुरुवातीची ठोके मारत येणारी गिटार लागली की हातातलं काम बाजूला राहतं.

हे का होतं त्यावर बोलायला हा धागा. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे भांडायला बरं. राग खरा होता हे आहेच, पण तेव्हा सगळ्यांचाच राग खरा होता, बेकारी खरी होती. क्लॅश टिकला कारण त्यांचे कान उघडे होते. रस्त्यापलीकडे जमैकन लोकांच्या घरात जे वाजत होतं ते त्यांनी मनापासून ऐकलं आणि ते आपल्या गाण्यात येऊ दिलं.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: जो स्ट्रमर, मिक जोन्स, पॉल सिमनन आणि पुढे ड्रमवर टॉपर हेडन. पहिला कार्यक्रम ४ जुलै १९७६ ला शेफील्डला, सेक्स पिस्टल्सच्या आधी. पहिला अल्बम एप्रिल १९७७. त्या अल्बमवर बाकीची गाणी दोन-अडीच मिनिटांची आणि मधेच एक सहा मिनिटांचं, 'पोलीस अँड थीव्ज', ज्युनियर मर्व्हिनचं रेगे गाणं, जे मूळ आदल्याच वर्षी जमैकातून आलेलं. पंकच्या पहिल्याच रेकॉर्डवर असं करणं म्हणजे त्या वेळी आपल्याच चाहत्यांच्या शिव्या खायची तयारी होती.

ढोलकीवाला
अगदी अगदी. मी स्वतः ड्रम वाजवतो म्हणून 'पोलीस अँड थीव्ज'बद्दल लिहितोच. मूळ गाण्यात मर्व्हिनचा आवाज वरच्या पट्टीत तरंगत असतो, सगळं निवांत. ते तसंच वाजवायला गेले असते तर नुसती नक्कल झाली असती आणि तीही कच्ची, कारण ह्या पोरांना तेव्हा धड वाजवता येत नव्हतं, सिमनन तर बासच्या पट्टीवर सूर रंगाने लिहून ठेवायचा. मिक जोन्सने काय केलं, एक गिटार ठोक्यावर ठेवली आणि दुसरी ठोक्यांच्या मधल्या जागेत. रेगेमधे गिटार त्या मधल्या जागेतच चकचक करते, रॉकमधे ठोक्यावर पडते, इथे दोन्ही एकदम चालू. त्यामुळे ते गाणं धड रेगे राहत नाही आणि धड रॉक राहत नाही, आणि तीच तर मजा आहे! आजही हेडफोन लावून डावा-उजवा कान वेगळा करून ऐका.

आणि टॉपरबद्दल कोणी बोलत नाही हे मला फार लागतं. पहिल्या अल्बमवर टेरी चाइम्स होता, टॉपर १९७७ मधेच नंतर आला. जॅझ, सोल, फंक सगळं हातात असलेला माणूस. दुसऱ्या अल्बमचा निर्माता सँडी पर्लमन त्याला माणसाच्या रूपातलं ड्रम मशीनच म्हणायचा, इतका पक्का. टॉपर नसता तर बाकीच्यांना रेगे, स्का (रेगेच्या आधीचं जमैकन संगीत), फंक कितीही आवडलं असतं तरी ते वाजलं नसतं हो. आवड असणं वेगळं आणि हात असणं वेगळं.

गिरगावकर काका
धागा वाचून बरं वाटलं. आम्ही हे सगळं मुंबईत फार उशिरा ऐकलं. काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊसमधे केबिनमधे रेकॉर्ड लावून ऐकता यायची, घ्यायला पैसे नसले तरी. बाकी मग कोणाचा तरी भाऊ परदेशातून आला की कॅसेट भरून घ्यायची, भरलेल्याची परत भरलेली, त्यामुळे खरखर गाण्याचाच भाग झालेली. मला तर 'लंडन कॉलिंग'च्या मूळ आवाजात खरखर नाही हे पुढे सीडी आल्यावर कळलं.

मला सगळ्यात भावतं ते त्यांचं ऐकणाऱ्याशी वागणं. 'लंडन कॉलिंग' म्हणजे दोन एलपी, १९ गाणी, १४ डिसेंबर १९७९ ला आला, आणि विकला एका एलपीच्या भावात. कंपनीकडून आधी कबूल करून घेतलं होतं की अल्बमसोबत एक छोटी रेकॉर्ड फुकट देऊ, आणि त्या छोट्या रेकॉर्डची हळूच नऊ गाण्यांची अख्खी दुसरी एलपी झाली. पुढच्या वर्षी 'सँडिनिस्टा' तर तीन एलपी, ३६ गाणी, आणि ती स्वस्तात देता यावी म्हणून ब्रिटनमधल्या पहिल्या दोन लाख प्रतींवरची रॉयल्टी सोडली. ज्या पोरांसाठी गातोय त्यांच्या खिशात किती आहे ह्याचा विचार केलेला बँड मला तरी दुसरा पटकन आठवत नाही.

विरुद्ध_दिशा
काका तुमचा मान राखून, हे जरा जास्तच भावुक होतंय सगळं. जानेवारी १९७७ मधे सीबीएससारख्या बलाढ्य कंपनीशी एक लाख पौंडांचा करार ह्यांनीच केला ना? तेव्हाच कितीतरी जण म्हणाले की पंक तिथेच संपलं. आणि स्ट्रमर काही झोपडपट्टीतून आलेला नव्हता, खरं नाव जॉन मेलर, जन्म अंकाराचा, वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात, मुलगा बोर्डिंग शाळेत. मला त्यांची गाणी आवडतात, पण गरिबांचे कैवारी वगैरे म्हणायला मी तयार नाही.

कोकणकडा
@विरुद्ध_दिशा, मुद्दा योग्य आहे आणि तो टाळून क्लॅशवर बोलताच येणार नाही. पण करार केल्यावर काय झालं तेही बघू. कंपनीने त्यांना न विचारता 'रिमोट कंट्रोल' सिंगल म्हणून काढलं तर ह्यांनी त्याच कंपनीच्या पैशाने, त्याच कंपनीच्या लेबलवर 'कम्प्लीट कंट्रोल' हे त्यांनाच फाडून खाणारं गाणं काढलं, आणि त्याला निर्माता कोण तर ली 'स्क्रॅच' पेरी, म्हणजे 'पोलीस अँड थीव्ज' ज्याने घडवलं तोच. पेरीने त्यांचं 'पोलीस अँड थीव्ज' बॉब मार्लेला ऐकवलं आणि मार्लेने त्याच वर्षी 'पंकी रेगे पार्टी' केलं त्यात क्लॅशचं नाव आहे. लंडनच्या चार गोऱ्या पोरांनी जमैकाचं गाणं उचललं आणि जमैकाने त्याची पोच दिली, असं त्या काळी फार कमी वेळा झालंय.

स्ट्रमरच्या जन्माबद्दल: वडील परराष्ट्र खात्यात हे खरं आणि ते वडील जन्मले लखनौला, हेही जाता जाता. माणूस कुठून आला ह्यापेक्षा तो कोणाचं ऐकत बसला हे मला महत्त्वाचं वाटतं.

थेम्सकाठ
लंडनहून. मी इथे आलो तेव्हा क्लॅश माझ्यासाठी फक्त टीशर्टवरचं चित्र होतं, तो बास गिटार जमिनीवर आपटणारा सिमनन, पेनी स्मिथने न्यूयॉर्कच्या पॅलेडियममधे सप्टेंबर १९७९ ला काढलेला. (फोटो थोडा आउट ऑफ फोकस आहे म्हणून तिला तो वापरायलाच नको होता, स्ट्रमर अडून बसला. ती फुटलेली गिटार आता लंडनच्या शहर संग्रहालयाकडे आहे.) गाणी कळली ती इथल्या वस्त्यांमधून फिरायला लागल्यावर.

साउथहॉलला आम्ही भाजी, मसाले आणायला जातो. २३ एप्रिल १९७९ ला तिथे टाउन हॉलमधे नॅशनल फ्रंट ह्या वर्णद्वेष्ट्या पक्षाने सभा ठेवली होती, मुद्दाम, आपल्या लोकांच्या वस्तीत. विरोधात हजारो लोक उतरले, पोलिसांनी बेदम मारलं, ब्लेअर पीच नावाचा शिक्षक त्यात मेला, शेकडो पोरांवर खटले. त्या पोरांच्या खटल्याच्या खर्चासाठी जुलैमधे रेनबो थिएटरला कार्यक्रम झाले त्यात क्लॅश वाजला. त्याच्या आदल्या वर्षी, ३० एप्रिल १९७८ ला, 'रॉक अगेन्स्ट रेसिझम'चा मोर्चा ट्रॅफल्गर स्क्वेअरपासून निघून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत चालत गेला आणि तिथे स्टील पल्स, एक्स-रे स्पेक्स, टॉम रॉबिन्सन आणि क्लॅश. १९७६ मधे एरिक क्लॅप्टन बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून बाहेरून आलेल्या लोकांविरुद्ध बरळला होता त्यातून ती चळवळ उभी राहिली. तेव्हाची इथली हवा कशी होती ते जुन्या गुजराती, पंजाबी दुकानदारांकडून ऐकलं की समजतं, संध्याकाळी एकट्याने बस पकडायची भीती. अशा वेळी एक लोकप्रिय बँड उघडपणे कोणाच्या बाजूने उभा राहतो ह्याला फार किंमत होती. मी इथला झालो त्यात त्या पिढीचा वाटा आहे असं मी मानतो.

मीरा_अंधेरी
मस्त धागा! मी ह्या सगळ्यात उलट्या रस्त्याने आले. 'स्लमडॉग मिलियनेअर'मधे एम.आय.ए.चं 'पेपर प्लेन्स' ऐकलं, ते इतकं आवडलं की महिनाभर तेच, आणि मग कोणीतरी सांगितलं की ती मागची गिटार क्लॅशच्या 'स्ट्रेट टू हेल'मधून घेतलीय. म्हणजे बघा ना, १९८२ चं लंडनचं गाणं, ते २००७ मधे लंडनला वाढलेल्या एका श्रीलंकन तमिळ मुलीने उचललं, आणि ते माझ्यापर्यंत पोचलं मुंबईवरच्या सिनेमातून.

मग मूळ गाणं ऐकलं तर सुन्न व्हायला झालं. त्यात आधी इंग्लंडमधली बंद पडलेल्या पोलाद कारखान्यांची गावं आहेत, मग व्हिएतनाममधे अमेरिकन सैनिकांनी मागे सोडलेली मुलं आहेत, ज्यांना बाप ओळखही देत नाही, मग न्यूयॉर्कमधले स्थलांतरित. सगळीकडे एकच उत्तर, तुमची इथे जागा नाही. आणि एम.आय.ए.चं गाणंही व्हिसा, सीमा, बाहेरच्या माणसाकडे बघायची नजर ह्यावरच आहे. तिने नुसती धून घेतली नाही, विषयासकट घेतलं. मला वाटतं कोकणकडांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे, ज्यांनी दुसऱ्यांचं ऐकून गाणी केली त्यांची गाणी पुढच्यांना आपली म्हणून वापरता येतात.

ढोलकीवाला
@मीरा_अंधेरी क्या बात! आणि 'स्ट्रेट टू हेल'चा ठेका नीट ऐक, तो रॉकचा नाहीच, ब्राझीलच्या बोसा नोव्हाच्या वळणाचा आहे, टॉपरचं काम. त्याच अल्बमवर, 'कॉम्बॅट रॉक'वर, 'रॉक द काझबा' आहे, अमेरिकेत त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं. त्याचे ड्रम, पियानो आणि बास तिन्ही टॉपरने वाजवलेत कारण स्टुडिओत तो लवकर पोचला होता आणि बाकीचे यायचे होते. आणि अल्बम बाजारात येईपर्यंत हेरॉइनच्या व्यसनापायी त्याला बँडमधून काढलेलं. गाणं वर चढतंय आणि ज्याची चाल तो बाहेर. मला अजून वाईट वाटतं.

विरुद्ध_दिशा
थेम्सकाठ आणि मीरा, दोघांचे प्रतिसाद आवडले, साउथहॉलचं मला माहीत नव्हतं. तरी संगीताबद्दल एक म्हणणं राहतंच. सगळंच ऐकायचं, सगळंच करून बघायचं ह्या नादात 'सँडिनिस्टा'चं जे झालं ते बघा. ३६ गाणी! त्यातली बारा निवडली असती तर त्यांचा सगळ्यात चांगला अल्बम झाला असता. शेवटची बाजू तर जवळपास आधीच्याच गाण्यांची डब रूपं (म्हणजे आवाज काढून, घुमवून केलेली रेगे पद्धतीची रूपं) आणि लहान मुलांनी गायलेलं एक. न्यूयॉर्कचा पंक बँड रामोन्स बघा, एक गोष्ट धरली आणि तीच घासूनपुसून लख्ख केली. लांबीबद्दल शिस्त असणं हीसुद्धा पंकचीच देणगी आहे.

शांभवी_कोल्हापूर
'सँडिनिस्टा'ला नावं ठेवायची नाहीत :) मी तो अल्बम रात्री स्वयंपाकघर आवरताना लावते आणि दरवेळी वेगळ्या गाण्यापाशी अडकते. रामोन्स मलाही प्रिय आहेत, त्यांच्याबद्दल वाद नाही. पण ती बारा गाणी कोणती निवडणार सांगा? तुमची बारा वेगळी, माझी वेगळी. माझ्यात 'समबडी गॉट मर्डर्ड', 'द कॉल अप', 'वॉशिंग्टन बुलेट्स', 'पोलीस ऑन माय बॅक' असणारच. आणि 'समथिंग अबाउट इंग्लंड', ज्यात एका म्हाताऱ्या बेघर माणसाच्या तोंडून अख्खं विसावं शतक येतं, दोन महायुद्धं, मंदी, सगळं. तुमच्या यादीत ते नसेल तर मी भांडणार.

आणि 'द मॅग्निफिसंट सेव्हन' विसरू नका, सकाळी सातच्या गजरापासून सुरू होणाऱ्या नोकरदार माणसाच्या दिवसावरचं गाणं. न्यूयॉर्कला गेले, तिथे रॅप ऐकलं आणि लगेच, म्हणजे १९८० मधे, स्वतः करून पाहिलं. तेव्हा गोऱ्या रॉक बँडपैकी रॅपकडे कोण बघत होतं? १९८१ ला टाइम्स स्क्वेअरच्या बाँड्समधे त्यांचे कार्यक्रम होते तेव्हा ग्रँडमास्टर फ्लॅशला आधी वाजवायला बोलावलं, तर क्लॅशच्याच प्रेक्षकांनी त्यांना हुर्यो करून वस्तू फेकून मारल्या. बँड चिडला आणि प्रेक्षकांना सुनावलं. तिथेच आयोजकांनी जागेपेक्षा जास्त तिकिटं विकलेली निघाली, सरकारी लोकांनी गर्दीवर मर्यादा घातली, तर ह्यांनी आठाचे सतरा कार्यक्रम केले, तिकीट घेतलेल्या प्रत्येकाला ऐकायला मिळावं म्हणून. पुढे पब्लिक एनिमी ह्या रॅप गटाच्या चक डीने क्लॅशची सगळी गोष्ट पॉडकास्टमधे स्वतःच्या आवाजात सांगितली, ते उगीच नाही.

कोकणकडा
शांभवीताई, दंडवत! मी त्या अल्बमकडे डायरीसारखं बघतो, त्यात पुसलेलं काहीच नाही. पण विरुद्ध_दिशा म्हणतात तसं नवीन माणसाला आधी तो देऊ नये हे मलाही पटतं.

एक गाणं अजून कोणी घेतलं नाही त्यावर लिहितो, '(व्हाइट मॅन) इन हॅमरस्मिथ पॅले', १९७८. स्ट्रमर डॉन लेट्सबरोबर रात्रभराच्या रेगे कार्यक्रमाला गेला होता. हा लेट्स म्हणजे रॉक्सी क्लबचा डीजे, पंकच्या रेकॉर्डच अजून निघाल्या नव्हत्या म्हणून तिथे पंक पोरांना रेगे ऐकवणारा, निम्मं श्रेय त्याचं आहे. तर स्ट्रमरला वाटलं होतं तिथे बंडाचं काहीतरी ऐकायला मिळेल, आणि स्टेजवर चकाचक मनोरंजन चाललेलं. त्या गाण्यात तो आधी स्वतःच्या त्या भाबड्या अपेक्षेकडे बघतो, मग पंकमधल्या नव्या बँडकडे, जे सूटबूट घालून बंडाचं दुकान मांडतायत, आणि मग देशातल्या वाढत्या फॅसिस्ट वृत्तीकडे. सगळं एका रेगेच्या ठेक्यात, मधे माउथ ऑर्गन. पंचविशीतल्या माणसाने आपल्याच चळवळीबद्दल इतकं स्पष्ट लिहावं, तेही ती चळवळ ऐन भरात असताना! मला त्यांचं हेच गाणं सगळ्यात मोठं वाटतं.

गिरगावकर काका
स्ट्रमर शेवटपर्यंत तसाच राहिला. १९८३ मधे मिक जोन्सला काढलं ती मोठी चूक, हे त्याने पुढे जाहीर कबूल केलं. मिकशिवाय १९८५ ला जो अल्बम काढला त्याबद्दल न बोललेलंच बरं. पण नंतर मेस्कलेरोज ह्या आपल्या नव्या बँडबरोबर त्याने जे केलं ते ऐका, २००१ च्या अल्बमवर 'भिंडी भागी' नावाचं गाणं आहे. एक न्यूझीलंडचा माणूस रस्त्यात त्याला विचारतो की वाटाण्याचं अमुक कुठे मिळेल, आणि हा त्याला सांगत सुटतो की ते नाही पण आमच्या वस्तीत काय काय मिळतं, आपल्या भेंडीपासून जगभरचे पदार्थ. मग तो विचारतो तुमच्या बँडचं संगीत कसं असतं, तर तिथेही तशीच यादी.

आणि नोव्हेंबर २००२ मधे ॲक्टन टाउन हॉलला संपावर गेलेल्या अग्निशमन दलाच्या लोकांसाठी कार्यक्रम होता, प्रेक्षकांत मिक जोन्स होता, तो उठून स्टेजवर गेला आणि दोघे एकत्र वाजले, १९८३ नंतर पहिल्यांदा. २२ डिसेंबरला जो गेला, जन्मापासून हृदयात दोष होता, कळलाच नव्हता कोणाला. ५० वर्षांचा होता. ते ॲक्टनचं रेकॉर्डिंग मिळतं, जरूर ऐका सगळ्यांनी.

नवखा_२१
सगळं वाचून काढलं. मी फक्त 'शुड आय स्टे ऑर शुड आय गो' ऐकलंय, नेटफ्लिक्समुळे. कुठून सुरुवात करू? आणि अल्बम पूर्ण ऐकायचे की निवडक गाणी चालतील?

शांभवी_कोल्हापूर
@नवखा_२१ ते गाणं दशकादशकाने परत येतं, १९९१ ला जीन्सच्या जाहिरातीमुळे ब्रिटनमधे एक नंबरवर गेलं होतं, बँड मोडून पाच वर्षं झाल्यावर. 'लंडन कॉलिंग' पूर्ण ऐक, पहिल्यापासून, क्रम न बदलता. रॉकबिली, स्का, जॅझ, सगळं त्यात भेटेल. 'लॉस्ट इन द सुपरमार्केट' स्ट्रमरने मिकच्या लहानपणाची कल्पना करून लिहिलंय आणि गायलंय मिकने, हे माहीत असून ऐकलं की वेगळंच लागतं. शेवटचं 'ट्रेन इन व्हेन' मूळ कव्हरवर छापलेलंच नव्हतं, ऐन वेळी घातलं, तर ते आलं नाही म्हणून आधीच बंद करू नको.

ढोलकीवाला
शांभवीताईंना अनुमोदन, पण आधी एकदा 'गन्स ऑफ ब्रिक्स्टन' वेगळं काढून ऐक, फक्त बास ऐकायचा. सिमननने लिहिलेलं पहिलं गाणं, गायलाही तोच, आवाज कसाही असला तरी. सूर रंगाने लिहून शिकलेल्या माणसाने तीन वर्षांत काय वाजवलंय बघ.

विरुद्ध_दिशा
आणि माझ्याकडून पहिला अल्बम, ब्रिटिश आवृत्ती, मोठ्या आवाजात. अमेरिकन आवृत्तीत गाणी बदललेली आहेत, बघून घे. 'सँडिनिस्टा'ची माझी बारा गाणी उद्या टाकतो, शांभवी, 'समथिंग अबाउट इंग्लंड' त्यात आहे.